पोपडा पडण्याआधी सळई तपासून घ्या

आज रात्री जेवणं आटोपली की एवढं एक काम करा. टॉर्च घ्या आणि न्हाणीघरात जाऊन वर बघा. माळ्याच्या मागे बघा, गिझरच्या वर बघा, वरच्या घराचा पाइप स्लॅबमधून खाली उतरतो त्या कोपऱ्यात बघा. तपकिरी डाग दिसतो का? रंग फुगलाय का? कुणी पट्टी धरून आखावी तशी सरळ, बारीक चीर गेलीय का? मग खाली पार्किंगमध्ये उतरा. कॉलमच्या कोपऱ्यावरून हात फिरवा. बोटांच्या पेरांनी ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर बरं. फुटक्या माठासारखं बद्द वाजलं, तर तिथलं प्लास्टर किंवा काँक्रीट सुटलेलं आहे. त्यातून शेजारी उभी चीर असेल, तर बहुतेक वेळा आतली सळई गंजून फुगलेली असते आणि तिनेच ते ढकललेलं असतं.

मी गेली बावीस वर्षं इमारतींच्या पोटातल्या सळ्या तपासायचं काम करतो. ठाणे, डोंबिवली, वसई, नवी मुंबई, कधी अलिबाग, कधी रत्नागिरी. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. पोपडा पडतो तेव्हा सळईचं दुखणं जुनं झालेलं असतं. कित्येकदा पाच-सात वर्षांचं. ती पाच-सात वर्षं छत गप्प असतं, रंग छान असतो, घरात लग्नं होतात, बारशी होतात, आणि वर लोखंड झिजत असतं. दुरुस्ती सोपी आणि स्वस्त असते ती याच काळात. म्हणून हे लिहितोय, आणि घाईने लिहितोय.

काँक्रीटमधल्या लोखंडाला गंज चढतोच कसा, हे समजून घ्या. नव्या काँक्रीटचा पीएच साडेबारा-तेराच्या आसपास असतो. अशा अल्कधर्मी कोंदणात सळईवर ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा धरतो. तो आहे तोवर ओल आली तरी सळईचं फारसं बिघडत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो, आणि जिथवर तो मुरतो तिथवर काँक्रीटचा हा गुण संपतो. समुद्राकाठी दुसरा वैरी आहे, मीठ. खाऱ्या वाऱ्यातून ते येतं, बोअरच्या मचूळ पाण्यातून येतं. मुंबईच्या आसपासच्या कितीतरी जुन्या इमारतींत तर ते पहिल्या दिवसापासून मुक्कामाला आहे, कारण खाडीची रेती न धुताच कालवली गेली. पापुद्रा फाटला की गंज सुरू होतो. गंजाला लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. काँक्रीट दाब पेलतं, ओढ पेलत नाही. ते चिरतं. चिरेतून पाणी शिरतं, पाण्याने गंज वाढतो, गंजाने चीर वाढते.

आणि हा हिशेब लक्षात ठेवा. १० मिलिमीटरची सळई झिजून ७ वर आली, तर वाटतं तीनच मिलिमीटर गेले. पण आडवा छेद मोजला तर निम्मं लोखंड गेलेलं असतं. निम्मं. आणि वर आहे तेवढाच स्लॅब, तेवढीच कपाटं, तेवढीच पाण्याची टाकी, तेवढीच माणसं.

त्या स्लॅबखाली कोण असतं, आठवून बघा. दुपारी पोळ्या लाटणारी बाई असते. पाळण्यातलं बाळ असतं. टीव्हीसमोर डुलकी लागलेले आजोबा असतात. सकाळी शाळेच्या बसची वाट बघत बाल्कनीच्या सावलीत उभी असलेली पोरं असतात. जिन्याखालच्या खोलीत वॉचमनचं कुटुंब असतं, आणि त्याला तुमच्या सभेत मत नाही. धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनाही नाही. त्यांच्या वतीने वर बघणारे तुम्हीच आहात.

आता तुम्ही म्हणाल, काँक्रीटच्या आत बघायचं कसं? घर फोडायचं का? नाही. सोसायटीच्या सभेत मी एक मोडका पट्टीचुंबक नेतो, शाळेच्या प्रयोगशाळेतला, मधोमध तुटलेला. शाबूत चुंबकावर टाचण्या सोडल्या की त्या दोन्ही टोकांना चिकटतात, मधे फारशा राहत नाहीत. तुटक्या चुंबकाचे दोन तुकडे जुळवून ठेवतो आणि वर टाचण्या सोडतो. टोकांना झुबके धरतातच, पण मधोमध, जिथे तो तुटलाय तिथेही एक झुबका उभा राहतो. सभेतली लहान मुलं पुढे सरकून बघतात. चुंबकाचं बळ अखंड पोलादातून मुकाट वाहतं. पोलाद तुटलं, झिजलं, त्यात खड्डा पडला, की त्या जागी ते बाहेर उसळतं. वर काँक्रीट असलं तरी त्याला अडसर होत नाही. मग आतलं पोलाद बाहेरून चुंबकाने भारायचं, वरून एक चुंबकीय सेन्सर फिरवायचा आणि बळ कुठे उसळतंय ते टिपायचं.

असा सेन्सर तांदळाच्या दाण्याएवढाही असू शकतो. त्यामागचं तत्त्व एडविन हॉल या अमेरिकी संशोधकाला १८७९ साली सापडलं. तुमच्या मोबाइलमधलं होकायंत्रही चुंबकीय सेन्सरवरच चालतं. (मोबाइल फिरवून सळ्या तपासायला मात्र जाऊ नका, त्याचं ते काम नव्हे.) जर्मनीत पुलांच्या आणि पार्किंगच्या स्लॅबमधल्या ताणून बसवलेल्या, तुटलेल्या पोलादी तारा या पद्धतीने शोधल्या गेल्या आहेत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानक संस्थेचे संशोधक तर त्याच्याही पुढचं शोधत आहेत. हेमेटाइट, गोएथाइट असे गंजाचे जे प्रकार असतात, त्यांना स्वतःची अशी चुंबकीय ओळख असते. लोखंड सोडून थेट गंजालाच त्या ओळखीवरून काँक्रीटच्या आत हेरायचं, असा त्यांचा प्रयत्न आहे. ते अजून तुमच्या-माझ्या इमारतीपर्यंत पोचलेलं नाही. पण जे पोचलंय ते तरी वापरूया.

गरज का आहे, ते पणजीकरांना विचारा. मांडवीवरचा नेहरू पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला. बांधून जेमतेम पंधरा-सोळा वर्षं झाली होती. त्याच्या काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा होत्या आणि त्या गंजल्या होत्या. पुढे कितीतरी काळ माणसं फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिली. इटलीत जिनोआ शहरात १४ ऑगस्ट २०१८ रोजी मोरांडी पूल कोसळला, ४३ माणसं गेली. त्या पुलाला तोलणाऱ्या पोलादी तारांवर काँक्रीटचं आवरण होतं. तारा गंजू नयेत म्हणून घातलेलं ते आवरण, आणि त्याच आवरणाआड गंज वाढत गेला. पूल रचणाऱ्या रिकार्दो मोरांडी यांनी १९७९ सालीच खाऱ्या हवेने होणाऱ्या गंजाबद्दल लिहून ठेवलं होतं. लिहिलेलं होतं, हे मला फार लागतं.

तुमची इमारत पुलाएवढी मोठी नाही. पण तिचं लोखंड तेच, हवा तीच. आणि तिच्यासाठी लागणारं यंत्र आज ठाण्या-पुण्यातही मिळतं. त्याला रीबार लोकेटर म्हणतात, कुणी कव्हर मीटर म्हणतात. इस्त्रीपेक्षाही लहान. त्यातली कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, आतली सळई त्याला प्रतिसाद देते, आणि पडद्यावर उमटतं की सळई कुठे आहे, पृष्ठभागापासून किती खोल आहे, साधारण किती जाड आहे. ही खोली म्हणजे कव्हर, सळईच्या अंगावरचं काँक्रीटचं पांघरूण. आयएस ४५६ हे भारतीय मानक किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला ४५ मिलिमीटरचं पांघरूण सांगतं. अगदी सौम्य हवेतही २० मिलिमीटर.

डोंबिवलीतल्या एका चार मजली इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका आजींच्या स्वयंपाकघरात मी शिडीवर उभा होतो. छत पांढरंशुभ्र. आजी खालून म्हणाल्या, "अरे, गेल्याच दिवाळीला रंग दिलाय, तिथे काय असणार?" यंत्र सरकवलं. आकडा आला ८. पुन्हा सरकवलं. ७. पुन्हा ९. म्हणजे करंगळीच्या नखाएवढं पांघरूण. मग दुसरं साधन लावलं, तांब्याची कांडी मोरचुदाच्या द्रावणात बुडवलेलं अर्धघट. ते सळईचा विद्युत दाब मोजतं. उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा गेला, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. इथे उणे ४१० आला. आजींना विचारून हाताच्या तळव्याएवढा भाग फोडला आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडलं. सुदृढ काँक्रीट त्याने गुलाबी होतं. आमच्या समोरचं काँक्रीट राखाडीच राहिलं. गुलाबी रंग उमटला तो सळईच्याही वर, आत दोन बोटं. सळई ब्रशने घासली आणि व्हर्नियर लावला. मूळची १०, उरलेली साडेसात.

निघालेला काँक्रीटचा तुकडा आजींनी हातात घेतला. चुरगाळला. गंजाचे पापुद्रे पिठासारखे हातात आले. त्या काही बोलल्या नाहीत. ओट्यावरचा कुकर तेवढा त्यांनी हळूच बाजूला सरकवला.

त्याच संध्याकाळी त्या खोलीत लोखंडी टेकू लागले. महिन्याभरात सळ्या साफ झाल्या, नव्या जोडल्या, पॉलिमर मॉर्टर भरलं. त्या घराचं छत आज शाबूत आहे. कारण छत गप्प असताना आजींनी दार उघडलं होतं.

तुम्हीही दार उघडा. सगळ्यात कळकळीची विनंती हीच. आम्ही यंत्र घेऊन येतो आणि दारातूनच ऐकतो, "आमच्याकडे नको, आत्ताच इंटिरिअर केलंय." ज्या घराला फॉल्स सीलिंग आहे, त्याच घराचा स्लॅब वर्षानुवर्षं कुणी पाहिलेला नसतो. सीलिंगच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि प्लास्टरमागची जाळी यांनी आमच्या यंत्राचीही दिशाभूल होते. एक फळी काढू द्या. परत बसवून देतो. पुट्टी लावून चीर बुजवू नका. पीओपीने डाग झाकू नका. गणपतीला पाहुणे येणार म्हणून कॉलमवर टाइल्स चढवू नका. गंजाला ते पांघरूण फार मानवतं.

आणि कागदावर समाधान मानू नका. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या पादचारी पुलाचा स्लॅब घरी निघालेल्या माणसांसह खाली आला. त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं. पूल वापरायला योग्य ठरला होता. ते ऑडिट निष्काळजीपणे झाल्याचा ठपका नंतरच्या चौकशीत ठेवला गेला. सोसायट्यांमध्येही मी असे अहवाल पाहिलेत. तीन पानं, एक शिक्का, आणि शेवटी लिहिलेलं की इमारत सुस्थितीत आहे. आत एकही आकडा नाही. कुणीतरी तासाभरात जिना चढून-उतरून गेलेलं असतं.

म्हणून आकडे मागा. कुठल्या घरात, कुठल्या कॉलमला, किती कव्हर मिळालं? अर्धघटाचे आकडे कुठे आहेत? किती ठिकाणी सळई उघडी करून मोजली? नकाशावर जागा दाखवा, फोटो तारखेसह लावा, असं स्पष्ट सांगा. आणखी एक, मी स्वतः हे यंत्र फिरवतो म्हणून जबाबदारीने सांगतो. रीबार लोकेटर सळई दाखवतो, गंज दाखवत नाही. चुंबकबळाची गळती टिपणारी पद्धत ताणलेल्या तारांवर आणि दोरांवर चांगली चालते, पण घराच्या स्लॅबमध्ये सळ्यांवर सळ्या आडव्या-उभ्या असतात, तिथे ती लावायला जाणकार हात लागतो. कुणी एकच यंत्र फिरवून "गंज नाही" असं लिहून दिलं, तर त्यावर विसंबू नका. लोकेटर, अर्धघट, गुलाबी रंगाची चाचणी, काँक्रीटमधल्या मिठाची तपासणी आणि चार ठिकाणी उघडी केलेली सळई, हे सगळं एकत्र बघूनच परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनीअरने मत द्यायचं असतं. तेवढं करून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. तुमची इमारत किती वर्षांची? शेवटचं ऑडिट कधी झालं? आत्ता आठवत नसेल तर उद्या सेक्रेटरींना विचारा. त्यांनाही आठवत नसेल तर रागावू नका, ते बिचारे नोकरी सांभाळून हे करतात. सोबत बसा आणि कपाटातली फाइल काढा.

पैशाचं काय, हा प्रश्न येणारच. येऊ द्या. निवृत्त माणसांची ओढाताण मला दिसते, एकट्या बाईच्या घरावर जादा वर्गणी पडली की काय होतं तेही दिसतं. पण तपासणीचा खर्च सगळ्या घरांत वाटला की तो बहुधा एका घराच्या रंगकामाहून कमी भरतो. दुरुस्तीसाठी सिंकिंग फंड आहे, त्याला हात लावायची हीच वेळ आहे. ज्याला एकदम देणं जमत नाही त्याला हप्ते बांधून द्या. शेजाऱ्याला उगाच कोंडीत पकडू नका. पण त्याची अडचण पुढे करून काम पुढच्या वर्षावरही ढकलू नका. पुढच्या वर्षी पाऊस पुन्हा त्याच चिरेत शिरणार आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र सभेची वाट बघू नका. चीर दिवसागणिक रुंदावतेय. छतातून वाळू आणि खडी गळतेय. दारं-खिडक्या अचानक घट्ट बसू लागल्यात. भिंतीतून तडतड आवाज येतोय. कॉलममधल्या सळ्या वाकून बाहेर आल्यात. यातलं काहीही दिसलं तर आधी माणसं बाहेर काढा. म्हातारी माणसं आधी, लेकरं आधी. दागिने, कागदपत्रं यांच्यासाठी परत आत जाऊ नका. अग्निशमन दलाला १०१ वर, नाहीतर ११२ वर फोन करा, मुंबईत असाल तर महापालिकेच्या १९१६ वर करा. वरच्या-खालच्या प्रत्येक दारावर थाप मारा. भाडेकरूंच्या दारावरही मारा. वॉचमनच्या खोलीत हाक द्या.

पण देव करो आणि ती वेळ न येवो. ती येऊ नये म्हणून आत्ताची वेळ वापरा. ३० सप्टेंबरच्या आत तुमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायला हवी. पाऊस सरत आलेला असतो, ओलीचे डाग ताजे असतात, कुठून झिरपतंय ते अजून दिसत असतं. दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत दुरुस्तीला कोरडे महिने मिळतात. हे महिने हातचे गेले की थेट पुढचा जून.

तेव्हा आज कागद घ्या. साधं लिहा. आमच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सळ्यांच्या यंत्रतपासणीसह करावं, हा विषय सभेपुढे घ्यावा. खाली सही करा. शेजारच्या काकूंची सही घ्या, वरच्या मजल्यावरच्या जोडप्याची घ्या, ज्यांच्याशी पार्किंगवरून बोलणं बंद आहे त्यांचीही घ्या, कारण स्लॅब एकच आहे. सभेची नोटीस निघायच्या आत तो कागद सेक्रेटरींच्या हातात द्या आणि पोच घ्या. सभेत विषय आला की उठून उभे राहा. कुणी म्हणालं, "एवढी वर्षं काही झालं नाही," तर त्यांना हात धरून पार्किंगमध्ये न्या आणि तो कॉलम ठोकून दाखवा.

ठराव झाला, तारीख ठरली, की न्हाणीघराच्या माळ्यावरचं सामान तेवढं काढून ठेवा. शिडी आम्ही आणतो.